आबांचं वय

आबांचं वय सत्तरच्या आसपास असेल, असं देवयानी धरून चालली होती. प्रत्यक्षात ते चौदा महिन्यांचे होते आणि अजून सोफ्याला धरून उभे राहत होते. या घोळापायी एका पोराचा जीव टांगणीला लागला. शेवटपर्यंत काहीतरी लपवून ठेवलेली गोष्ट ज्यांना आवडते त्यांची निराशा होईल, पण अशा बाबतीत वाचणाऱ्याला कोड्यात टाकणं मला बरं वाटत नाही.

देवयानी पूर्व लंडनमधल्या इल्फर्डच्या टीबी क्लिनिकमध्ये नर्स आहे. मूळची पुण्याची. इथे येऊन इतकी वर्षं झाली की आता पुण्यात गेली की तिला सर्दी होते. तिचं काम सांगायला सोपं आहे. कुणाला टीबी झाला की त्याला गाठायचं, तो कुणाकुणाच्या सहवासात तासन्‌तास खोकला ते काढून घ्यायचं, त्या सगळ्यांना तपासायचं, आणि औषध लागू पडेपर्यंत रोग्याला घरात बसवून ठेवायचं. पार्टीत कुणी विचारलं आणि तिने सांगितलं, की समोरचा हमखास म्हणतो, "टीबी? अजून असतो? इथे?" पहिली काही वर्षं ती समजावून सांगत असे. हल्ली "असतो" एवढंच म्हणते आणि सामोसा घेते.

तिच्या वाट्याच्या गल्ल्या म्हणजे एकाला एक चिकटलेली, विटांची, पुढे बोटभर बाग असलेली घरं. एडवर्ड राजाच्या काळात लंडनला नोकरीला जाणाऱ्या कारकुनांसाठी बांधलेली. त्या काळीही नगरपालिकेचा माणूस अशीच दारं ठोठावत फिरायचा. कुणाला घटसर्प, कुणाला स्कार्लेट फीवर, कुणाला क्षय. पोराला घोडागाडीत घालून तापाच्या हॉस्पिटलात न्यायचं आणि आईने फाटकाशी उभं राहून बघत बसायचं. तसल्या हॉस्पिटलांचे आता फ्लॅट झालेत. घरं मात्र तीच आहेत, फक्त एका कुटुंबाच्या जागी तीन राहतात आणि हीटिंग महाग म्हणून खिडकी कुणी उघडत नाही. शंभर वर्षांत तिच्या कामात काय बदललं, असं देवयानीला विचारलं तर ती म्हणेल, घोडा गेला.

या कामात एक नियम सगळ्यांच्या वर आहे. मोठ्या माणसाच्या छातीत टीबी वर्षानुवर्षं मुकाट पडून राहू शकतो. त्याला पत्र पाठवा, सवडीने बोलवा, चालतं. पण दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर हातातलं काम टाकून त्याच दिवशी धावायचं, कारण तिथे तो मेंदूपर्यंत जातो आणि वाट बघत नाही. देवयानीने हा नियम कधी मोडला नव्हता. त्या वेळीही तिने मोडला नाही, हेच तर दुःख आहे.

सुयश क्लिनिकमध्ये आला तो जानेवारीत. नागपूरचा, सत्तावीस-अठ्ठावीसचा, व्हिसावर आलेला सॉफ्टवेअरवाला. तीन महिने खोकत होता आणि तीन महिने स्वतःला सांगत होता की इथल्या थंडीने होतंय. अंगावरचा स्वेटर हँगरवर टाकल्यासारखा लोंबत होता. रिपोर्ट हातात आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "घरी कळवणार का तुम्ही? आईला?"

"नाही रे बाबा," देवयानी म्हणाली. "तुझं नाव मी कुणालाच सांगत नाही. ज्यांना तपासायला बोलावते त्यांनाही नाही."

तिला मराठीत बोलताना ऐकून त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरला. देवयानीलाही बरं वाटलं. एरवी तिला इंटरप्रिटर फोनवर धरून बोलावं लागतं. वाक्य जातं, वाक्य येतं, मधे माणूस हरवतो. इथे आपलाच मुलगा, आपलीच भाषा. तिच्या शेजारी सान्वी बसली होती. क्लिनिकमध्ये नवीन लागलेली, इथेच लंडनमध्ये, स्टॅनमोरला जन्मलेली, रविवारच्या मराठी शाळेत चार वर्षं कंटाळलेली मुलगी. तिने कॉम्प्युटर उघडला होता आणि ऐकता ऐकता टाइप करत होती.

"राहतोस तिथे कोण कोण आहे?" देवयानीने विचारलं.

"शेअरिंगमध्ये आहे. अजून तिघं. मी बॉक्सरूममध्ये, एक पलंग मावतो तेवढी खोली."

"लहान मूल?"

"नाही नाही. सगळे बॅचलर."

"ऑफिसला जातोस?"

"वर्क फ्रॉम होम. संध्याकाळी फक्त काकूंकडे जातो. वैजयंतीकाकू, दोन गल्ल्या सोडून. डबे करतात त्या. डबा आणायला म्हणून जातो आणि मग बसतो तिथेच. रूमवर फार थंडी असते ना."

"रोज?"

"रोजच. जेवूनच येतो."

"काकूंकडे कोण असतं?"

"काकू आणि आबा. मुलगा-सून जॉबला जातात, त्यांना उशीर होतो."

"तुझं आणि आबांचं जमतं?"

सुयशच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी उजळलं. "आबांना मीच बघतो त्या वेळात. काकू किचनमध्ये असतात. मी भरवतो, टीव्हीसमोर बसवतो. लक्ष ठेवावं लागतं, पडतात नाहीतर."

देवयानीला त्याचं कौतुक वाटलं. हल्लीची मुलं स्वतःच्या आजोबांना फोन करत नाहीत आणि हा परक्याच्या आबांना भरवतो. "तब्येत कशी आहे त्यांची? खोकला वगैरे?"

"खोकला नाही. पण हल्ली जेवत नाहीत नीट. सारखी चिडचिड करतात."

"वय झालं की होतं तसं," देवयानी म्हणाली.

सुयश हसला. हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली आणि पुढचा बराच वेळ पाणी, टिश्यू आणि मास्क यांत गेला. तो का हसला हे विचारायचं राहून गेलं. त्याला वाटलं होतं की बाईंना कळलंय आणि त्याही काकूंसारखीच गंमत करतायत.

गंमत अशी होती, म्हणजे घरातल्यांना ती गंमत वाटे. वैजयंतीकाकूंचे यजमान मुरलीधरराव, सगळ्या इल्फर्डचे आबा, वारले त्याच वर्षी नातू झाला. आबाच परत आले, असं काकूंनी ठरवून टाकलं आणि नातवाचं नाव मुरलीधर ठेवायला लावलं. मुलगा अपूर्व आणि सून ऋजुता यांनी थोडी कुरकुर केली, पण नुकत्याच विधवा झालेल्या बाईशी वाद कोण घालणार? आता काकूंची पिढी नवऱ्याचं नाव घेत नाही. नातवाला हाक काय मारायची? तर आबा. आणि आबा म्हटलं की ओघाने अहो-जाहो आलं. "आबा, दूध प्या." "आबा रुसले वाटतं." हळूहळू सगळं घर तसंच बोलायला लागलं, आणि त्या घरात रोज जेवणारा सुयशही. आपल्याकडे अशी घरं पुष्कळ आहेत. कुणाकडे रांगते अण्णा असतात, कुणाकडे दुपट्यातल्या माई. देवयानीच्या स्वतःच्या चुलतभावाला तो दुसरीत जाईपर्यंत सगळे तात्या म्हणत होते. पण समोर खोकणारा पेशंट आणि बाहेर सहा माणसं ताटकळत असताना कुणाला चुलतभाऊ आठवतो?

सुयश गेल्यावर सान्वीने स्क्रीनवरून मान वर न करता विचारलं, "देवयानी, आबा किती वर्षाचा आहे? मला एज टाकायची आहे."

"वर्षाचा काय? आबा कितीचे आहेत, असं म्हणावं. मोठ्यांना अहो-जाहो करतात, शिकवलं नाही का शाळेत?"

"ओके. आबा कितीचे आहेत?"

"सत्तर घाल. आल्यावर बघू."

सान्वीने सत्तर घातले. व्याकरण सुधारल्याचं समाधान देवयानीला मिळालं. एखादी इंग्लिश नर्स असती तर तिला आबा म्हणजे काय हे ठाऊक नसतं, तिने भाबडेपणाने 'हू इज आबा?' विचारलं असतं आणि दोन मिनिटांत सगळं बाहेर आलं असतं. देवयानीला विचारायची गरजच नव्हती. तिला मराठी येत होती.

त्यानंतरचे दोन आठवडे सुयशला खोलीत बसवून ठेवण्यात गेले. त्याच्या घरमालकाने त्याला दोन दिवसांत खोली सोडायला सांगितली. देवयानीने फोन करून आवाज चढवला, मग कौन्सिलच्या हाउसिंगवाल्यांना फोन केला, तिथे ताटकळली, पुन्हा घरमालकाला फोन केला. बरोबरचे तिघे तपासायला यायला तयार नव्हते. एकाला शिफ्ट होती, एकाला विश्वास नव्हता, एक नुसता घाबरला होता. सुयश दिवसभर बॉक्सरूममध्ये. काकू त्याचा डबा दारात ठेवून बेल वाजवून जात. तो कुणी नसताना खाली येऊन घेऊन जाई. आपल्याला काय झालंय ते त्याने काकूंना सांगितलं नव्हतं, ताप आहे म्हणाला होता. देवयानी औषध द्यायला गेली की म्हणायचा, "काकूंना माझं नाव नका सांगू हं. त्यांना वाटेल, खाऊन-पिऊन वर हे देऊन गेला."

या सगळ्यात ती थकली होती. क्लिनिकमध्ये चार नर्सची जागा असताना दोघी होत्या. रात्री झोप लागायची, पण सकाळी उठताना काल जिथे थांबली तिथूनच शीण सुरू व्हायचा. तिला माणसांचा कंटाळा आला होता, आणि असा कंटाळा आल्याची लाजही वाटत होती. काकू आणि आबा यादीत होते. मोठी माणसं. त्यांची पाळी आल्यावर तिने काकूंना फोन लावला.

"नमस्कार, मी देवयानी, चेस्ट क्लिनिकमधून बोलतेय. घाबरू नका काकू, पण तुमच्या संपर्कातल्या कुणाला तरी टीबी निघालाय, म्हणून तुम्हाला आणि आबांना तपासायचं आहे."

कोण ते काकूंनी विचारलं नाही. त्यांनी ओळखलं असावं. "मी येईन हो. पण आबांना या थंडीत कसं आणू? बरं नाहीये त्यांना. पडून असतात. काल उलटीही झाली."

"चालता येत नाही का त्यांना?"

"नाही ना अजून."

देवयानीने 'अजून' ऐकलं आणि तिच्या डोळ्यांसमोर खुब्याचं ऑपरेशन झालेला म्हातारा उभा राहिला. "डॉक्टरांना दाखवलं?"

"जीपी म्हणाले व्हायरल आहे. शिवाय दातांचा त्रास. त्याने खात नाहीत काही."

"मग त्यांना नका आणू," देवयानी म्हणाली. आपला स्वर मऊ झालाय हे तिचं तिलाच जाणवलं. "मीच घरी येते. होम व्हिजिट गुरुवारी असतात. गुरुवारी येते."

"फार उपकार होतील," काकू म्हणाल्या. "आपलं माणूस असलं की बरं असतं."

फोन सोमवारी झाला होता. चालता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी आपण वाकडी वाट करून जातोय याचं तिला त्या दिवशी बरं वाटलं होतं. नंतर तिला सगळ्यात जास्त चीड त्याच बरं वाटण्याची आली.

गुरुवारी ती आणि सान्वी गेल्या. दार काकूंनी उघडलं. बुटक्या, गोऱ्या, कानात मोत्याची कुडी, केसांना फोडणीचा वास. हॉलमध्ये हार घातलेला एका गृहस्थांचा फोटो होता. खोली इतकी गरम होती की देवयानीचा चष्मा धुरकटला. तो पुसता पुसता ती म्हणाली, "आबा कुठे आहेत?"

"हे काय, इथेच," काकू सोफ्याकडे वळल्या. "आबा, बघा कोण आलंय तुम्हाला बघायला!"

सोफ्यावर दोन उशांच्या मधे एक मूल पडलं होतं. कपाळाच्या कडेला दृष्टीची तीट, अंगात निळा स्वेटर. देवयानीने खोलीत इकडेतिकडे पाहिलं. मग परत मुलाकडे पाहिलं. सान्वी तिच्याआधी बोलली.

"ओ माय गॉड," सान्वी म्हणाली. "दॅट्स आबा."

देवयानी खाली बसली, गुडघ्यावर. मुलाचे डोळे अर्धवट उघडे होते. तिने बोट समोरून नेलं. एक डोळा बोटामागे आला, दुसरा नाकाकडे वळून तिथेच राहिला. तिने मानेखाली हात घालून डोकं उचलायला पाहिलं तर मान लाकडासारखी ताठ, आणि पोर कण्हलं, रडलंही नाही. रडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"डोळा कधीपासून असा आहे?"

"काल सकाळपासून," काकू म्हणाल्या. "झोप झाली नाही म्हणून असेल असं... काय झालंय? अहो, काय झालंय?"

सान्वीने तोवर अँब्युलन्ससाठी फोन लावला होता. पलीकडच्या बाईने विचारलं ते तिने तसंच विचारलं, "काकू, त्याचं नाव काय? फुल नेम?"

"आबा," काकू म्हणाल्या.

"खरं नाव, काकू."

काकूंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं. त्यांची नजर फोटोकडे गेली. आयुष्यात त्यांनी ते नाव लग्नात उखाण्यात घेतलं असेल, नंतर कुणाच्या मुंजीत, बारशात, तेही चार ओळींच्या आडोशाने. आता उखाणा नव्हता. "मुरलीधर," त्या म्हणाल्या, आणि मग मोठ्याने, कुणीतरी ऐकायला हवं म्हणून, "मुरलीधर अपूर्व..." पुढे आडनाव त्यांच्याच्याने आलं नाही.

अँब्युलन्समधल्या माणसाने मुलाच्या तोंडाजवळ वाकून पुन्हा पुन्हा हाक मारली. मुर्ली, मुर्लीधर, कॅन यू हिअर मी? मूल हललं नाही. त्याने सहकाऱ्याला काहीतरी सांगितलं आणि ती भरभर सामान काढायला लागली. देवयानीने दारातून सांगितलं, "आबा म्हणा. त्याला ते नाव माहीत नाही." त्या माणसाला कळेना. मग तिनेच आत वाकून हाक मारली, आणि पापण्या किंचित उघडल्या.

पुढचं हॉस्पिटलातलं. मणक्यातून पाणी काढलं. मेंदूच्या आवरणापर्यंत टीबी गेला होता. डॉक्टरांनी औषधं रिपोर्टची वाट न बघता सुरू केली. जगेल बहुतेक, म्हणाले. कसा जगेल ते आत्ता सांगता येत नाही, असंही म्हणाले.

अपूर्व आणि ऋजुता ऑफिसातून परस्पर आले होते. ऋजुता केंब्रिजला कुठल्याशा लॅबमध्ये काम करायची. गळ्यातलं ओळखपत्र काढायचंही तिला सुचलं नव्हतं. देवयानी तिथेच थांबली होती. घरी जाता आलं असतं. वरिष्ठांनी फोनवर सांगितलंही होतं की तू आत्ता काही बोलू नकोस, आपण रीतसर पत्र देऊ. पण तिला ते जमलं नाही. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. नाव कळलं होतं. आबा म्हणजे म्हातारा माणूस असं वाटलं. म्हणून मागे ठेवलं.

"किती दिवस?" ऋजुताने विचारलं.

"दोन आठवड्यांच्या वर."

"त्या दिवशी आला असतात तर?"

"तो तेव्हाही थोडा आजारी असणार. पण डोळा, मान... इथवर आलं नसतं कदाचित."

"कदाचित," ऋजुता म्हणाली. ती ओरडली नाही. "तुमचा फोन आला तेव्हा आई म्हणाल्या, मराठी बाई आहे, काळजी नको. मलाही बरं वाटलं. आय वॉज रिलीव्ड, यू नो? वाटलं, नीट समजून घेईल कुणीतरी."

अपूर्व भिंतीकडे तोंड करून उभा होता. "मी शंभरदा सांगितलं होतं आईला," तो म्हणाला. "की त्याला नावाने हाक मार. इट्स नॉट फनी."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर काकू बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्यांनी मान खाली घातली, आणि देवयानीला वाटलं की यापेक्षा त्यांनी मला दोन लगावल्या असत्या तर चाललं असतं.

सुयशला हे देवयानीलाच सांगावं लागलं. तो पलंगावर बसून ऐकत राहिला. मग म्हणाला, "पण मॅडम, मी सांगितलं होतं ना तुम्हाला. आबांना भरवतो म्हणून." त्याच्या आवाजात आरोप नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मग त्याला कळलं. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो किती वेळ रडला ते तिने मोजलं नाही. ती मास्क लावून, खिडकी उघडून, त्याच्या शेजारी बसून राहिली. त्या पोराला मांडीवर घेऊन संध्याकाळी बसणं, एवढीच त्याची या देशातली चैन होती.

चौकशी झाली. ज्यांना चौकशीतून काही निघेल अशी आशा असते त्यांच्यात देवयानी नव्हती. यापुढे प्रत्येकाची जन्मतारीख विचारायचीच, असं ठरलं. चांगलंच आहे ते. सान्वी कधीही म्हणाली नाही की मी विचारलं होतं. देवयानीला तिच्या न म्हणण्याचाही त्रास होई, आणि एकदा तिने तसं बोलूनही दाखवलं. सान्वी म्हणाली, "मला पण वाटला, तू बरोबर असशील. तुला सगळा मराठी येतो." देवयानीने तिचं व्याकरण सुधारलं नाही.

मूल जगलं. एप्रिल संपता संपता ते घरी आलं. औषध वर्षभर चालणार होतं आणि ते रोज कुणाच्या तरी समोर द्यायचं होतं. देवयानीच्या जागी दुसरं कुणी जाऊ शकलं असतं, पण काकूंनीच निरोप पाठवला की त्यांनाच पाठवा. का, ते सांगितलं नाही. पहिल्या दिवशी देवयानीने बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, "या" म्हणाल्या आणि आत गेल्या. डबे त्यांनी बंद केले होते. घरात फोडणीचा वास नव्हता, आणि सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या.

मूल सतरंजीवर बसलं होतं, पाठीला उशी. पूर्वी उभं राहत होतं, आता बसायला पुन्हा शिकत होतं. डावा हात मांडीवर पडलेला, एक डोळा अजून नाकाकडे. उजव्या हाताने ते स्टीलची वाटी जमिनीवर आपटत होतं.

"कान तपासायची तारीख आलीये," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काही उरलं नव्हतं. "पण मला माहीत आहे. याला ऐकू येत नाही. या आजारात कान जातात म्हणे, डॉक्टर म्हणाले होते. मी रोज हाका मारते. मान वळवत नाही."

"मारा बघू."

काकू मुलाच्या मागे गेल्या. "मुरलीधर," त्या म्हणाल्या. "मुरलीधर, इकडे बघ." चाळीस वर्षांच्या संसारात न घेतलेलं ते नाव त्यांनी एका दमात दोनदा घेतलं. अडखळत नव्हत्या, सराव झाला होता. वाटी आपटणं चालूच राहिलं.

देवयानीला भीती वाटली. आपल्याला वाटतंय ते खरं नसलं तर काय, याची भीती. "काकू," ती म्हणाली, "या नावाने त्याला आधी कधी कुणी हाक मारली होती का?"

काकूंनी नकारार्थी मान हलवली.

देवयानी सतरंजीच्या मागच्या कडेला बसली. मुलाला ती दिसत नव्हती. तिने हळूच, नेहमीच्या बोलण्यापेक्षाही हळू हाक मारली, "आबा."

वाटी थांबली. मूल अंगासकट वळलं, तोल गेला, उशीवर कलंडलं आणि तसंच कलंडून एका सरळ आणि एका वाकड्या डोळ्याने हाक कुणी मारली ते शोधायला लागलं.

"येतंय ऐकू," देवयानी म्हणाली. "काकू, येतंय हो त्याला ऐकू! तुम्ही मारा. तुम्ही मारा ना हाक."

काकू जागच्या जागी उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंड उघडलं होतं, ओठ त्या शब्दासाठी मिटत होते आणि पुन्हा उघडत होते. आवाज आला नाही.

"तुम्हीच मारा," शेवटी त्या म्हणाल्या. "माझ्याच्याने आता नाही होत."

देवयानीने पुन्हा हाक मारली. मूल हसलं आणि रांगता येत नव्हतं म्हणून एका हातावर फरफटत निघालं, आजीच्या पायांजवळून, देवयानीकडे.